चेन उतरते

अण्णांनी मोटर लावलेली सायकल स्टँडवर चढवली आणि उतरलेली चेन पुन्हा बसवली. आठवडाभर हेच चाललं होतं. जन्मभर गिरणीत फिटर असलेला माणूस, पण मागच्या चाकाचा नट टिकेना.

त्यांना हल्ली कमी दिसायचं. त्यांनी रस्त्यावर जाऊ नये म्हणून ते आंघोळीला गेले की त्यांचा मुलगा श्रीधर तो नट गुपचूप सैल करायचा.

अण्णांनी पाना खाली ठेवला. "हातातला जोर गेला रे. विकून टाक ही."

श्रीधरला हेच हवं होतं. पण अण्णा तळवे उलटसुलट करून पाहू लागले, तेव्हा त्याला राहवेना. "नट मीच सैल करत होतो, अण्णा."

अण्णांचा चेहरा उजळला. "अगं, ऐकलंस का?" त्यांनी आत बायकोला हाक मारली. "हात शाबूत आहेत माझे!"

श्रीधरला वर बघवेना.