भीमाचे पाने

लातूर जिल्हा नुकताच झाला होता, अन् दुष्काळ पडला होता. पाण्याच्या पाळीवरून सटवाजीनं भीमा मिस्त्रीला कोरड्या विहिरीत ढकलून मारलं आणि त्याचा पाय घसरला म्हणून सांगितलं. भीमाच्या बायकोला, पंचशीलाला, ते कधीच पटलं नाही.

पुढं सटवाजीचं डिझेल इंजिन बंद पडलं. एकही मिस्त्री त्याच्या दारी येईना. शेवटी तो पंचशीलाकडंच पाने मागायला गेला. तिनं भीमाच्या हत्यारांची अख्खी पेटी पुढं सरकवली.

"न्या भाऊ. त्याईलाबी यायचंच हाय तुमच्याकडं."

भर दुपारी सटवाजी अंगणात इंजिन खोलू लागला.

"चांगुणा, मोठा पाना दे," म्हणत त्यानं मागं हात केला. पाना हातात आला. पुढचा न मागताच आला.

तेवढ्यात त्याची बायको चांगुणा घागर घेऊन बाहेरून आली आणि दारातच थिजली.

"अवो, तुमच्या मागं कोण बसलंय?"

सटवाजीनं पाना पुढं ओढला. मागून कुणीतरी तो सोडेना.