सव्वा मिनिटाचं मरण

घोडा उताराला लागला, बंदूक वाजली आणि दौलतरावांनी स्वतःला तिसऱ्यांदा मरताना पाहिलं. या खेपेला त्यांना मिशी होती.

"आजोबा, हेपण तुम्हीच?" अक्षताने विचारलं.

"मीच. माणसं कमी पडायची. मिशी चिकटवायची, रुमाल बदलायचा आणि परत मरायचं."

तो जुना काउबॉय सिनेमा नातीला नेटवर सापडला होता. तिने तो टीव्हीला जोडून दिला. भोईवाड्यातल्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, रविवारच्या दुपारी, दौलतराव बेचाळीस वर्षांनी ते सगळं पुन्हा बघत होते. बोरिवलीपलीकडची दगडाची खाण, तीच अमेरिका. डोक्यावर पुठ्ठ्याच्या हॅट. घोडे चौपाटीवरच्या व्हिक्टोरिया बग्ग्यांचे. ते पळायचं सोडून मागे गाडी येतेय का ते बघायचे. रक्त म्हणजे गुलाबाचं सरबत. मेलेल्याने मुंग्या चावल्या तरी हलायचं नाही, एवढीच ताकीद. लालबागच्या व्यायामशाळेतले आठदहा जण गिरणीतली रात्रपाळी करून थेट खाणीत जायचे आणि ऊन उतरेपर्यंत एकमेकांना गोळ्या घालायचे.

अक्षता मोबाइलवर लोकांची मतं वाचून दाखवायला लागली. एकाने लिहिलं होतं, इतका भंगार सिनेमा जन्मात पाहिला नाही. दुसऱ्याने मुडदे मोजले होते, एकशे चौदा, आणि त्यातले बरेचसे पुढच्या सीनला उठून आलेत अशी तक्रार केली होती. कुणाला हीरोपेक्षा घोडा हुशार वाटला होता. दौलतराव पोट धरून हसत होते. मग एकाने लिहिलेलं आलं, की परळला हा लागला तेव्हा पुढचं दिसेना म्हणून त्याने तो वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला होता; आता ते थिएटरही नाही आणि वडीलही नाहीत. ते दौलतरावांनी परत वाचायला लावलं.

पुढचं वाचता वाचता अक्षता हसली. "हे ऐका. 'चाळिसाव्या मिनिटाला दगडावरून पडणारा लाल रुमालवाला बघा. ह्याला मरायला किती वेळ लागतो? सव्वा मिनिट! वर मरता मरता हसतोय.' दोनशे जणांना आवडलंय, आजोबा."

दौलतरावांनी घाईघाईने टीव्हीचा आवाज कमी केला आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यांची बायको, सुभद्राबाई, ओट्याशी कोलंबी साफ करत होत्या. तिथला नळ बंद झाला.

लाल रुमालवाला म्हणजे मनू, सुभद्राबाईंचा धाकटा भाऊ. अक्षताला तो भिंतीवरच्या फोटोपुरता माहीत होता. त्याला खाणीत नेलं होतं दौलतरावांनीच. पडायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी दिग्दर्शक कुणाशीतरी भांडत बसला आणि कट म्हणायचंच विसरला. थांब कुणी सांगेना, म्हणून मनू मरतच राहिला. पडला, अर्धा उठला, छातीला हात लावला, परत पडला. कॅमेऱ्यामागे उभे राहून दौलतराव त्याला वेडावत होते.

पुढे तो सिनेमा डब्यातच पडून राहिला. लागला तेव्हा मनूला जाऊन सहा महिने झाले होते. दिवाळीला चाळीच्या गॅलरीत आकाशकंदील टांगताना तो स्टुलावरून पडला. उंची जेमतेम कमरेएवढी. सुभद्राबाई सुतळी आणायला आत गेल्या होत्या. त्या सुतळी घेऊन बाहेर आल्या, तोवर सगळं संपलं होतं. परळला सिनेमा आठवडाभर चालला, अख्खी व्यायामशाळा जाऊन आली. सुभद्राबाई गेल्या नाहीत. दौलतरावांनीही मग घरात त्या सिनेमाचं नाव काढलं नाही.

सुभद्राबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कितव्या मिनिटाला म्हणालीस गो?" त्यांनी नातीला विचारलं.

दौलतराव म्हणाले, राहू दे, सगळी मारामारी आणि रक्त आहे त्यात. सुभद्राबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि त्या सोफ्याच्या कडेला टेकल्या. अक्षताने एकदा आजोबांकडे बघितलं आणि सिनेमा पुढे सरकवला.

मनूला गोळी लागली. तो दगडावरून गडगडत खाली आला, गुडघ्यावर उठला. दौलतराव टीव्हीकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते. मनू पडला तसा तिचा हात किंचित पुढे आला आणि मांडीवर परत गेला. मनू पुन्हा उठला. भिंतीवरच्या फोटोत त्याचं तोंड मिटलेलं होतं; इथे ते उघडलं आणि समोरचा, दुसऱ्यावर चढलेला दात दिसला. हसू आवरत तो धुळीत आडवा झाला. पडद्यावर दुसराच सीन सुरू झाला.

मग अक्षता हळूच म्हणाली, "आजी, लिहिणाऱ्याला सांगू का, काढून टाक म्हणून?"

"कशाला? त्यानं निदान नीट बघितलं तरी." सुभद्राबाई म्हणाल्या. "पण माझ्याकडून लिही एक."

अक्षता मोबाइल घेऊन तयार राहिली. टीव्हीवर दौलतराव चौथ्यांदा मरत होते. तिकडे सुभद्राबाईंचं लक्ष नव्हतं.

"लिही," त्या म्हणाल्या, "अजून थोडा वेळ लावला असता तरी चाललं असतं."