चाळीस सफरचंदांचा पाक

“बाबा, तिला सांगा, पाक ढवळू नको म्हणावं.”

थोरली सून हे बोलली ती सासऱ्यांकडे बघून. धाकटी तिच्यापासून हातभर अंतरावर, शेगडीपाशीच उभी होती आणि पातेल्यात चमचा गरागरा फिरवत होती. ऐकू गेलं नाही म्हणावं, तर तिचे कान चांगले शाबूत होते. पण गेले बावीस दिवस दोघी जावांमधलं सगळं बोलणं सासऱ्यांच्या मार्फत चाललं होतं. त्यांनी तोंडानं उच्चारल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचंच नाही, असा त्या घरात कायदाच होऊन बसला होता.

सासरे दारात खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा कपाळावर चढवला, घसा खाकरला. “सूनबाई, ती म्हणते, ढवळू नको.”

धाकटीनं चमचा बाहेर काढला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. लालचुटूक पाक बघता बघता गढूळ झाला, कडेनं खडबडला आणि त्याची परत साखर होऊन पातेल्याला धरून बसली.

धाकटी बालवाडीत शिकवायची. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं, स्वभाव उत्साही. शुक्रवारी भरात येऊन तिनं चाळीस पोरांना शब्द दिला होता, की सोमवारी प्रत्येकाला काडीवरचं लाल चकचकीत सफरचंद मिळेल, बाईंनी स्वतः घरी केलेलं. आज रविवार, दुपारचे तीन. गरम पाण्यात बुडवून, खसाखसा पुसून सफरचंदांवरचं मेण काढून झालं होतं. देठाच्या जागी काड्या खोचून चाळीसच्या चाळीस टेबलावर तयार होती, वऱ्हाडासारखी नटायला खोळंबलेली. आणि पाच वाजता मिस्त्री यायचा होता, स्वयंपाकघराचं माप घ्यायला. मधोमध फळ्यांची भिंत घालायची होती. अर्धं हिचं, अर्धं तिचं.

भांडण झालं कशावरून? तर कुकरच्या शिट्ट्या तीन की चार, यावरून. हसू नका. तिसऱ्या शिट्टीला एकीनं गॅस बंद केला, दुसरीनं पुन्हा लावला, आणि भाताचा विषय बघता बघता माहेरापर्यंत गेला. तिथून तो परत यायचं नाव घेईना.

धाकटीला खरं तर भिंत नको होती. पण हे सासऱ्यांच्या तोंडून कसं सांगायचं? काही गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून गेल्या की वाटेतच थंड होतात.

तिनं घरातली उरलीसुरली सगळी साखर दुसऱ्या पातेल्यात ओतली. पाणी, लिंबाचे चार थेंब, चिमूटभर लाल रंग. चमच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ‘देवा, माझी नाही तर त्या पोरांची तरी लाज राख,’ ती मनात म्हणाली. पाक रटरटू लागला. थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बघितला, तर रबरासारखा ताणला गेला. थोड्या वेळानं पुन्हा टाकला. आता झाला, की अजून नाही?

“बाबा, त्यांना विचारा ना, झाला का?”

बाबांना नेमकी शिंक आली. त्यांनी खिशातला रुमाल शोधला. पातेल्याच्या कडेला तपकिरी रेघ उमटली.

“बाबा, तिला सांगा...” थोरली घाईनं म्हणाली.

बाबांना दुसरी शिंक आली. ही जरा जास्तच लांबली.

“अगं, उतरव! उतरव खाली, करपेल!”

बावीस दिवसांत थोरली पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलली होती. धाकटीनं पातेलं खाली उतरवलं आणि सरळ थोरलीच्या तोंडाकडे बघितलं. “आता काय करू, वहिनी?”

“आता काय, आता! पातेलं तिरकं धर. मी बुडवते. हे एकटीचं काम नव्हे, चार हात लागतात याला. चल, पाक थांबणार नाही आपल्यासाठी.”

मग काय विचारता! थोरली काडी धरून सफरचंद पाकात गर्रकन फिरवायची, वर उचलून जास्तीचा पाक निथळू द्यायची आणि तूप लावलेल्या ताटात ठेवायची, की दुसरं उचललेलं. धाकटी जीव मुठीत घेऊन पातेलं कलतं धरून उभी. “अजून तिरकं. अजून! शिट्ट्या मोजतेस का तिथं?” थोरली करवादली, आणि धाकटी अशी फिस्सकन हसली की पातेलंच डगमगलं. मग थोरलीलाही हसू आवरेना. ताटांमागून ताटं भरली. चाळिसावं सफरचंद आरशासारखं लखलखत खाली टेकलं.

पाचाच्या ठोक्याला मिस्त्री टेप घेऊन हजर. दोघींचे हात मनगटापर्यंत लाल, चिकट. थोरलीचं हसू तिथंच थांबलं. ती खाली मान घालून उगाचच ताटं सारखी करू लागली.

“मिस्त्री,” धाकटी पुढं होऊन म्हणाली, “भिंत नको. हा ओटा तेवढा हातभर वाढवून द्या. आम्हा दोघींना पुरत नाही.”

“अन् त्या फळ्या ठरवल्यात त्या?”

“त्याच लावा की ओट्याला!” थोरली म्हणाली. आवाज जरा ओला होता, पण मिस्त्रीला दटावण्याइतका खणखणीत.

संध्याकाळी थोरली गच्चीवर कपडे काढायला गेली. धाकटी सासऱ्यांना चहा देत म्हणाली, “बाबा, वहिनी होत्या म्हणून निभावलं. खरंच, एकटीला जमण्यातलं काम नव्हे ते.”

“तुला नसतं जमलं,” बाबा चहात फुंकर घालत म्हणाले. “ती लग्नाआधी गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात होती. अशी तीनशे सफरचंदं रोज एकटी बुडवायची, आणि दुसऱ्या कुणी पातेल्याला बोट लावलेलं तिला खपायचं नाही.”