ओळंबा

“पहिले पाढे पंचावन्न!” प्रत्येक चाचणीनंतर साहेब हेच म्हणायचे आणि इंजिनीअरबाईंना तोंडात मारल्यासारखं व्हायचं. नकली भूकंप करणाऱ्या टेबलावरचा नव्या रुग्णालयाच्या इमारतीचा नमुना हादरून वाकडाच राहायचा. माथ्यावरून सोडलेला ओळंबा खुणेवर परत यायचाच नाही. आज बाईंनी लोखंडी सळ्या काढून आकार न विसरणाऱ्या मिश्रधातूच्या तारा तिरक्या बसवल्या: कितीही ताणा, सोडल्या की पूर्ववत. “ही शेवटची संधी. नाहीतर रुग्णालय जुन्याच पद्धतीनं बांधू,” साहेबांनी बजावलं. टेबल हादरलं. नमुना झुकला, तारा ताणल्या गेल्या. ओळंब्याबरोबर बाईंचा जीवही टांगणीला लागला. पण तारांनी हेलकावे बघता बघता गिळले. टेबल थांबलं, ओळंबा डुलला आणि अचूक खुणेवर विसावला. साहेब सवयीनं उद्गारले, “पहिले पाढे…” आणि त्यांनी जीभ चावली. “म्हणा की, साहेब!” बाई खळखळून हसल्या, “आज तेच हवं होतं!”