काकू उतरत नाहीत

काकू म्हणजे समुद्राची माहेरवाशीण. कुठल्या कंपनीच्या खोल्या ऐसपैस, कुठलं जहाज लाटांवर फार डुलतं, कुठल्या बंदरात पायी हिंडावं नि कुठे बस धरावी, सारं त्यांना तोंडपाठ. सहलीच्या जहाजावर जेवणाच्या टेबलाशी शेजारी बसलेल्या नव्या नवरीला त्यांनी उद्याचं अख्खं बंदर आखून दिलं.

"काकू, सगळ्यात चांगलं जहाज कुठलं हो?"

"हे नव्हे, बाई! खोल्या म्हणजे नुसती खुराडी, आणि गाद्या अशा की पाठ रडते."

"मग दरवर्षी ह्याच जहाजावर का येता?"

"खोड गं, दुसरं काय!"

सकाळी झाडून सगळे बंदरावर उतरले, काकू तेवढ्या मागे राहिल्या. एकट्या बसून कंटाळतील बिचाऱ्या, हाताला धरून नेऊ, म्हणून नवऱ्याला खाली थांबवून ती नवरी जिना चढून परत आली.

 

रिकाम्या डेकवर जहाजाचा आचारी काकूंच्या मांडीवर डोकं टेकून म्हणत होता, "आई, सगळे उतरले की तेवढीच उसंत मिळते बघ," आणि काकू त्याच्या केसांतून हात फिरवत विचारत होत्या, "ते राहू दे. तू जेवलास का रे?"