बिनट्रायलचा कोट

"ट्रायल नको," थोरला मेहुणा म्हणाला, आणि शिंपीमास्तरांची टेप जावयाच्या छातीवरच थबकली.

ज्या घराण्याच्या शब्दाबाहेर बंदरातलं एक जहाज हलत नव्हतं, त्या घराण्याचे कोट मास्तर वीस वर्षं शिवत होते. कोटाला दोन ट्रायल ठरलेल्या. 'ट्रायल नको' हे त्यांनी आजवर तीनदाच ऐकलं होतं. आपल्याच माणसाला संपवायचं ठरलं, की हे लोक त्याचं माप जिवंतपणीच देऊन ठेवत. शवपेटीत तरी तो घराण्याला शोभेलसा दिसावा. तिन्ही कोट अगदी बेतशीर बसले होते. गिऱ्हाइकांची एक तक्रार आली नाही.

"लग्नाच्या कोटाला केवढं छळलं होतंत मास्तर!" जावई हसला. "जावईबापू, श्वास घ्या. जावईबापू, सोडा. आणि आज एकदम सुटका?"

"हात बसलाय आता त्यांचा," थोरला म्हणाला. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. "आलोच हं दाजी," म्हणत तो बाहेर गेला आणि काचेपलीकडे पाठमोरा उभा राहिला.

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याआड त्यांची बायको काजं करत बसली होती. एक शब्द फुटला, तर दुकानाची राख व्हायची, तिच्यासकट. तरीही कमरेचं माप घ्यायच्या निमित्ताने ते वाकले.

"मागचं दार उघडं आहे," ते पुटपुटले. "थांबू नका. पळा."

जावयाने मान वळवूनही पाहिलं नाही.

"ठाऊक आहे मला, मास्तर. मागच्या खेपेचा माणूस तुमच्याकडे मीच नाही का घेऊन आलो?"

"मग जा की!"

"माझी बायको आणि पोरगा सकाळपासून माहेरी आहेत. गाडी पाठवून बोलावून नेलंय. मी पळालो, तर इथे मापाला कोणाला आणतील?"

मास्तरांच्या हातून टेप सुटली. जावयाने ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि कोपरात वाकवून हात पुढे केला.

"बाह्या तेवढ्या लांब ठेवा. मनगटांवर दोरीचे वळ उठतात. माझ्या बायकोला दिसायला नकोत."

मास्तरांनी खांद्यापासून माप धरलं, मनगटापर्यंत आणलं, आणि दोन बोटं पुढे नेलं.