दोन इंच उंच

“चार इंच नको. गाडी उंटासारखी दिसात,” परशुराम म्हणाले.

चंदनने हातातला पाना खाली ठेवला. कसालला हायवेच्या कडेला त्याचे गॅरेज. गोव्याकडे निघालेली पोरे त्याच्याकडून जिपा उंच करून घेत, आणि त्यांतल्या कुणालाच चार इंच कधी जास्त वाटले नव्हते. हा पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा मात्र मालवणहून जुनी हिरवी जीप घेऊन आला होता आणि सकाळपासून नुसते प्रश्न विचारत होता. बरोबर एक तरुण मुलगी, नम्रता. गाडी तीच चालवत आली होती.

“रस्तो कसो आसा, काकानू?”

“रस्तो खंयचो? नुसती चढण. पयलो पाण्याचो व्हाळ लागता, मगे जांभ्याचे धोंडे, आणि वर दोन आडवी वळणां. मी चलत जावन बघून इलंय.”

नम्रता चमकली. “बाबानू, तुमी चलत गेल्लात? ह्या गुडघ्यांनी? माका सांगूक नाय ता!”

“सांगलंय असतंय तर माका जावक दिलं असतंस?”

चंदन हसला. बोलता बोलता त्याला सगळा उलगडा होत गेला. पुढच्या महिन्यात नम्रताचे लग्न होते. नवरामुलगा, देवेश, डोंगरावरच्या वाडीत काजूची बाग करायचा. नम्रता सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणजे रोज तो डोंगर उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा. वर एसटी जात नव्हती. म्हणून जीप तिच्याबरोबर जाणार होती.

“माका नको म्हणान किती वेळा सांगलंय,” नम्रता चंदनला म्हणाली. “तुमी तरी सांगा. जीप तुमच्याकडेच रवांदे, बाबानू.”

“माका खंय येता चालवूक? तुका शिकवूक मास्तर ठेवलो, तो काय उगाच? नायतर खोलयेत दार लावन बसान रवलं असतंस.”

बुजरी असावी पोर, चंदनला वाटले. त्याचीही सृष्टी अशीच. शाळेसाठी सावंतवाडीला मावशीकडे राहायला गेली, तेव्हा फाटकापर्यंत गेलेली परत येऊन त्याच्या गळ्यात पडली होती.

त्याने दोनच इंचांचे ठरवले. खरे तर त्या वळणांवर तेच बरे होते; फार उंच केली की गाडी कलते, खालच्या जॉइंटवर ताण येतो. जुने स्प्रिंगचे पाटे काढून नवे घालायचे आणि त्याच मापाचे लांब शॉकअप.

“शॉकअपात दोन तऱ्हा,” तो म्हणाला. “गॅसचे कडक. धोंड्यांवर गाडी धरून ठेवतले. तेलाचे मऊ, पण अशा चढणीक थोडे कमीच पडतले.”

परशुराम विचारात पडले. “हिका कडक होये. पण मागे आमची म्हातारी बसतली, रुक्मिणी. कंबर नाजूक तिची. वाटेत हाडां खिळखिळी झाली तर ती परत वर चढाची नाय. आणि हिका भेटल्याशिवाय तिका जेवण गोड लागाचा नाय.”

“आई पुढे बसतली, माझ्या बाजूक,” नम्रता हळूच म्हणाली.

शेवटी चंदननेच तोड काढली. कडक-मऊ करता येणारे शॉकअप मागवायचे. रोज नम्रता एकटी जाताना कडक, रुक्मिणीबाई असतील तेव्हा खिटी फिरवून मऊ. परशुरामांचा चेहरा असा उजळला, की चंदनला स्वतःचेच कौतुक वाटले.

“आणि पायदान खाली घाल रे. म्हातारेक चढाक होया.”

जुने शॉकअप सोडवताना चंदन थबकला. “ह्यो बोल्ट उलटो कोणी घातलो?”

“झिलान,” परशुराम म्हणाले. “गाडी तेचीच. सगळा आपणच करूचा, ह्यो हट्ट.”

नम्रता उठली आणि नळावर हात धुवायला गेली. बराच वेळ पाणी वाहत राहिले. मुलाचा विषय निघताच उठली; भावाबहिणीचे पटत नसावे, चंदनने ताडले.

“झील खंय असता आता?”

“लांब.” परशुरामांनी वाकून तेलाने माखलेला शॉकअप उचलला. “ह्ये फेकू नको. पोत्यात घाल, मी नेतंय.”

“ह्ये भंगारवालोय घेवचो नाय, काकानू.”

“नको घेवंदे.”

सामान आले, काम झाले, आणि दोघे जीप न्यायला आली. गॅरेजमागे जुन्या चिरेखाणीची वाट होती, खड्ड्याधोंड्यांची, चांगली उभी. चंदन तिथेच गाड्या पारखून घ्यायचा. तो किल्ली घ्यायला पुढे झाला, पण नम्रता आधीच चढून बसली होती.

“सावकाश जा गो बाय,” परशुराम म्हणाले.

जीप चढणीला लागली. पहिल्या धोंड्यावर डावे चाक वर उचलले गेले, आणि परशुरामांनी चंदनचा दंड घट्ट धरला. चाक खाली आले, गाडी दबली, सावरली, पुढे सरकली. पुढच्या खड्ड्यात ती जेमतेम हलली. आता म्हाताऱ्याची बोटे सैल झाली, पण हात तसाच राहिला. वर पोचून नम्रताने हॉर्न वाजवला, दोनदा, तीनदा, लहान मुलीसारखा. खिडकीतून तिचा हात हलताना दिसला. ती मोठ्याने हसत होती.

“हसता बघ,” परशुराम पुटपुटले. “किती दिवसांनी हसता.”



“काकानू, माकाय चेडू आसा,” तो म्हणाला. “पण लेकीक सासरी धाडताना बापूस म्हणान एवढा सगळा माका जमतला काय नाय, देव जाणे.”

परशुरामांनी वरची नजर काढली नाही.

“तिचो बापूस नाय रे मी,” ते म्हणाले. “तिच्या वारलेल्या नवऱ्याचो बापूस.”